सर्नचा खुला डेटा आपल्या महाविद्यालयांपर्यंत आणा

मा. सचिव,
अणुऊर्जा विभाग, मुंबई



२१ नोव्हेंबर २०१६ रोजी मुंबईत आपल्या विभागाने जिनिव्हाच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेबरोबर करार केला आणि जानेवारी २०१७ पासून भारत त्या प्रयोगशाळेचा सहयोगी सदस्य झाला. तेव्हापासून देशाच्या तिजोरीतून सर्नची वर्गणी जाते. बदल्यात उद्योगांना कंत्राटांसाठी बोली लावता येते, तरुणांना जिनिव्हात नोकरीसाठी अर्ज करता येतो. हे चांगलेच आहे. पण वर्गणी न भरणाऱ्यांनाही जे फुकट मिळते, त्याचा आपण कितपत उपयोग करून घेतो? मी बोलतो आहे ते सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या त्वरकातल्या कणांच्या टकरींच्या खुल्या डेटाबद्दल.

सर्नने २०१४ मध्ये हा डेटा सर्वांसाठी खुला करायला सुरुवात केली. कोलायडरवरच्या सीएमएस प्रयोगाने २०१६ मध्ये सुमारे ३०० टेराबाइट माहिती दिली. अ‍ॅटलास या दुसऱ्या प्रयोगाने २०२४ मध्ये संशोधनासाठी ६५ टेराबाइट. नोंद झाल्यावर साधारण पाच वर्षांनी डेटा टप्प्याटप्प्याने खुला करायचा, हे धोरण कोलायडरवरच्या चारही मोठ्या प्रयोगांनी डिसेंबर २०२० मध्ये मान्य केले आहे. ज्यांनी यंत्रे उभारण्यात उमेदीची वर्षे घातली त्यांचा हक्क पहिला, मग सगळ्यांचा. यात कुणावर अन्याय नाही.

सीएमएसच्या २०११ च्या नोंदींतून काढलेली एक लाख टकरींची फाइल साध्या लॅपटॉपवर उघडते. एका ओळीत एक टक्कर : दोन म्युऑन, त्यांची ऊर्जा, संवेगाचे घटक, विद्युतभार. त्यावरून जोडीचे वस्तुमान काढायचे सूत्र बीएस्सीच्या सापेक्षता सिद्धांताच्या धड्यातलेच. सगळ्या जोड्यांचा आलेख काढला की ३.१ जीईव्हीपाशी जे-साय आणि ९१ जीईव्हीपाशी झेड बोसॉन डोके वर काढतो. ज्या कणांच्या शोधांना १९७६ आणि १९८४ ची नोबेल पारितोषिके मिळाली, ते तालुक्याच्या गावातल्या विद्यार्थ्याला स्वतःच्या हिशेबातून दिसतात.

हा झाला सराव. यातून अस्सल संशोधनही होते. एमआयटीतले सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ जेसी थेलर आणि त्यांचे सहकारी सीएमएसचे सदस्य नव्हते. २०१० चा खुला डेटा वापरून त्यांनी क्वार्क-ग्लुऑनपासून निघणाऱ्या कणांच्या झोताला फाटे कसे फुटतात हे तपासले, आणि तो निबंध २०१७ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये छापून आला. मात्र सीएमएसमधल्या जाणकारांची मदत त्यांनाही घ्यावी लागली.

खरी अडचण इथेच आहे. आलेखातला प्रत्येक उंचवटा म्हणजे कण नव्हे. कोणती टक्कर नोंदवायची आणि कोणती सोडून द्यायची हे ट्रिगर नावाची यंत्रणा क्षणार्धात ठरवते, आणि त्या चाळणीचे ठसे आलेखावर उमटतात. त्यात दहा-बारा वर्षांपूर्वीचे सॉफ्टवेअर, शोधकयंत्राच्या त्रुटींसाठी करायच्या दुरुस्त्या, तुलनेसाठी लागणारे सिम्युलेशन. कागदपत्रे आहेत, पण अडल्यावर विचारायला माणूस लागतो. आणि माणसे निवृत्त होतात. हॅम्बर्गला १९७९ ते १९८६ या काळात चाललेल्या जेड प्रयोगाच्या नोंदी पुढे पुन्हा वापरायच्या ठरल्या, तेव्हा सोबतची काही आवश्यक माहिती फक्त छापील कागदावर उरली होती. ती पुन्हा टंकून घ्यावी लागली.

आपल्याकडे अशी जाणकार माणसे आहेत, तीही आपल्याच विभागात. सीएमएसच्या बाह्य हॅड्रॉन कॅलरीमीटरच्या उभारणीत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. सीएमएसच्या जागतिक संगणक-जाळ्यातले एक केंद्रही तिथे चालते. म्हणून तीन मागण्या करतो.

एक, खुल्या डेटाच्या निवडक भागाची प्रत मुंबईत ठेवावी आणि विद्यापीठे-महाविद्यालयांना संगणनाचा ठरावीक वाटा द्यावा. ३०० टेराबाइट कुठल्याही महाविद्यालयाच्या इंटरनेटवर उतरत नाहीत. दोन, शंकानिरसनासाठी पगारी मदतकक्ष असावा, आणि तिथे काम करणाऱ्या संशोधकाच्या बढतीत ते काम मोजले जावे; फावल्या वेळातले उपकार म्हणून हे टिकणार नाही. तीन, आपल्या विभागाचे अणुविज्ञान संशोधन मंडळ (बीआरएनएस) विद्यापीठांतल्या प्रकल्पांना अनुदान देतेच. त्यात खुल्या डेटावरच्या छोट्या प्रकल्पांसाठी वेगळी तरतूद व्हावी.

‘बाहेरच्यांनी चुकीचे निष्कर्ष काढले तर?’ ही शंका रास्त आहे. पण डेटा खुला झालेलाच आहे. चुका टाळायच्या तर जाणकाराला विद्यार्थ्याच्या शेजारी बसवणे, हाच मार्ग उरतो. त्यासाठी नवा त्वरक बांधावा लागत नाही. एक प्रत, काही पदे आणि एक शासकीय आदेश पुरेल. येत्या शैक्षणिक वर्षापासून सुरुवात व्हावी, ही विनंती.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक शिक्षक