विश्लेषण : शरीराच्या उष्णतेवर चालणारा तापमापक कितपत शक्य?

स्मार्ट घड्याळे आता हृदयाच्या ठोक्यांबरोबर त्वचेचे तापमानही नोंदवू लागली आहेत. मात्र त्यासाठी बॅटरी लागते आणि ती वारंवार चार्ज करावी लागते. अंगाला चिकटणारी, वाकणारी आणि शरीराच्याच उष्णतेतून वीज मिळवणारी पट्टी तयार करण्यासाठी म्हणूनच जगभर संशोधन सुरू आहे. उन्हात राबणाऱ्यांना अशा पट्टीची सर्वाधिक गरज आहे, पण तिची मर्यादाही कडक उन्हातच उघड होते.

वीज तयार कशी होते?

पदार्थाचे एक टोक गरम आणि दुसरे थंड असेल, तर त्यातील विद्युतभार थंड टोकाकडे सरकतात आणि दोन टोकांमध्ये विद्युतदाब निर्माण होतो. थॉमस सीबेक यांनी १८२१ मध्ये दोन धातूंच्या जोडणीत हा परिणाम टिपला. १९७७ मध्ये अवकाशात झेपावलेली ‘व्हॉयेजर’ याने याच तत्त्वावर, प्लुटोनियमच्या उष्णतेतून वीज मिळवतात. अंगावरील पट्टीत त्वचा हे गरम टोक असते आणि बाहेरची हवा थंड टोकाचे काम करते.

लवचीकता का महत्त्वाची?

सामान्य तापमानाला सर्वाधिक वापरला जाणारा पदार्थ म्हणजे बिस्मथ टेल्युराइड. तो ठिसूळ असतो. कडक चकती त्वचेवर नीट बसत नाही, मध्ये हवा राहते आणि ही हवाच उष्णता अडवते. त्यामुळे पदार्थाचे छोटे तुकडे रबरात बसवणे, त्याची शाई करून प्लास्टिकवर छापणे, वीजवाहक पॉलिमर वापरणे असे पर्याय तपासले जात आहेत. २०१८ मध्ये शांघायमधील सिरॅमिक्स संस्थेच्या संशोधकांनी सिल्व्हर सल्फाइड हा अर्धवाहक धातूसारखा वाकतो आणि ताणला जातो, असे दाखवून दिले. त्याची वीजनिर्मिती क्षमता कमी असल्याने त्यात सेलेनियम किंवा टेल्युरियम मिसळून ती वाढवली जाते.

किती वीज मिळते?

बिस्मथ टेल्युराइड दर अंशाला साधारण २०० मायक्रोव्होल्ट देते. दोन प्रकारच्या तुकड्यांच्या १०० जोड्या केल्यास अंशामागे सुमारे ४० मिलिव्होल्ट मिळतात. त्वचा ३३ अंश आणि खोली २५ अंश असली, तरी पातळ पट्टीच्या दोन बाजूंमध्ये आठ अंशांचा फरक राहत नाही. बराचसा फरक त्वचेलगत आणि पट्टीवरील हवेच्या थरात संपतो. उरलेल्या अंश-दीड अंशातून संकेत मिळतो, पण तो मोबाइलपर्यंत पाठवण्यासाठी दाब वाढवणारे सर्किट आणि वीज साठवण्याची सोय लागते.

शिवाय ही पट्टी थेट तापमान सांगत नाही, ती दोन बाजूंमधील फरक सांगते. प्रत्यक्ष तापमान कळण्यासाठी एका बाजूचे तापमान आधी माहीत असावे लागते. त्यासाठी बहुधा थर्मिस्टरसारखा दुसरा सेन्सर जोडावा लागतो.

उन्हाळ्यात काय होते?

मे महिन्यात नागपूर, चंद्रपूरमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा हवा त्वचेपेक्षा गरम असते, उष्णता उलट दिशेने वाहते आणि विद्युतदाबही उलटा होतो. दोन्ही दिशांनी चालणारे सर्किट वापरून ही अडचण दूर करता येते. किनारपट्टीवरची अडचण अधिक कठीण आहे. तेथे हवा ३४-३५ अंशांवर, म्हणजे जवळपास त्वचेइतकीच गरम असली, की फरक आणि वीज दोन्ही शून्याकडे जातात. अशा वेळी शरीराची उष्णता हवेत जात नाही, दमटपणामुळे घामही नीट वाळत नाही आणि उष्माघाताचा धोका वाढतो. म्हणजेच शरीर थंड होणे थांबते तेव्हाच पट्टीची वीजही आटते.

पट्टी सैल झाली तरीही संकेत क्षीण होतो. त्यामुळे ‘संकेत नाही’ याचा अर्थ धोका की बिघाड, हे एकट्या पट्टीवरून ठरवता येत नाही.

मग उपयोग काय?

उष्माघातात शरीराच्या आतील तापमान ४० अंश किंवा त्याहून अधिक होते. त्वचेचे तापमान त्याचा केवळ अंदाज देते, म्हणून नाडीचीही नोंद हवी. रुग्णालयातील वातानुकूलित कक्षात किंवा थंड प्रदेशात बॅटरीविना चालणारी पट्टी व्यवहार्य ठरू शकते. बांधकामावरील मजूर, ऊसतोड कामगार किंवा वाहतूक पोलिसांसाठी मात्र तिच्यासोबत छोटी बॅटरी ठेवणेच सुरक्षित. शरीराची उष्णता ती बॅटरी अधिक काळ टिकवू शकेल, पण तिची जागा घेऊ शकणार नाही. अशी उपकरणे बाजारात येतील तेव्हा त्यांची चाचणी २५ अंशांच्या प्रयोगशाळेत झाली की दमट उन्हात, हे आधी पाहावे लागेल.