वीसपैकी अठरा

दहावीच्या निकालात एक आकडा असतो जो कुणालाच दिसत नाही. इंग्रजीची लेखी परीक्षा ८० गुणांची. उरलेले २० गुण तोंडीचे आणि अंतर्गत मूल्यमापनाचे, म्हणजे शाळेच्या हातातले. गुणपत्रिकेवर दोन्हींची बेरीज होऊन शंभरापैकी एकच आकडा छापला जातो. पास व्हायला ३५ लागतात. तोंडीत अठरा पडले की लेखीत ८० पैकी १७ पुरतात. आता ज्या पोराला लेखीत १७ मिळाले, ते बोलण्यात वीसपैकी अठराचं कसं, हा प्रश्न शाळा विचारत नाही, मंडळ विचारत नाही, आईबापही विचारत नाहीत. निकाल लागला, पेढे वाटले, विषय संपला.

मी सास्तूरचा. धाराशिव जिल्हा, लोहारा तालुका. सुट्टीत गावी गेलो की आसपासच्या गावांतली दहावी-अकरावीची पोरं संध्याकाळी इंग्रजी वाचायला बसतात. मी त्यांना एक प्रश्न हमखास विचारतो: तोंडीला काय विचारलं होतं? उत्तरं अशी येतात. ‘नाव इचारलं.’ ‘कविता म्हणायला लावली, पाठच होती.’ ‘काही नाही, वही बघितली अन् सही केली.’ एकानं तर मलाच विचारलं, ‘तोंडी कधी झाली?’ मग मी विचारतो, किती पडले असतील? ‘अठरा-एकोणीस. सगळ्यालाच देतेत की.’ शाळा वेगवेगळ्या, उत्तर एकच. म्हणून शाळांची नावं घेण्यात अर्थ नाही. हा एखाद्या शाळेचा प्रताप असता तर हेडमास्तरांना भेटून मिटवता आला असता. ही पद्धत आहे, आणि ती सगळ्यांच्या सोयीची आहे.

किती सोयीची, ते २०१९ साली उघड झालं होतं. त्या वर्षी दहावीचा अभ्यासक्रम नवा होता आणि भाषांची तोंडी परीक्षा काढून टाकली होती. शंभर गुण, सगळे लेखी. आदल्या वर्षी राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, तो ७७.१० वर आला. नवा अभ्यासक्रम हेही घसरणीचं कारण होतं, हे मान्य. तरीही तोंडीच्या गुणांची टेकू काढल्यावर छप्पर किती खाली येतं, ते राज्यानं एकदा डोळ्यांनी पाहिलं. पुढं काय झालं? पोरांना वाचता-बोलता का येत नाही, यावर चर्चा झाली का? ओरड झाली ती अकरावीच्या प्रवेशाची. सीबीएसईच्या पोरांना अंतर्गत गुण मिळतात आणि आमच्यांना नाहीत, ही ती तक्रार. तक्रार खोटी नव्हती. पण तिच्यावर निघालेला उपाय बघा: वीस गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के. त्याच्या पुढच्या वर्षी कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही, तेव्हा निकाल ९९.९५ टक्के होता. म्हणजे परीक्षा न घेता जो निकाल लागतो, त्याच्या आसपासच आपण परीक्षा घेऊनही पोचलो होतो.

कुणी म्हणेल, तोंडीचं जाऊ द्या, ८० गुणांचा पेपर तर खरा असतो. तो पेपर नीट वाचा. त्यात पुस्तकातलेच उतारे येतात, त्यावरचे प्रश्न वर्षभर गाईडमधून घोकून घेतलेले असतात. कवितेचं रसग्रहण येतं. कवितेचं नाव, कवीचं नाव, राईम स्कीम, फिगर ऑफ स्पीच, मध्यवर्ती कल्पना, या क्रमानं वाक्यं ठरलेली. पोरं ती वाक्यं चित्र काढावं तशी काढतात. ‘सिमिली’ म्हणजे काय ते सांगता येत नाही, पण कोणत्या कवितेत ती आहे ते पाठ. पत्रलेखनाचा साचा पाठ. मी एका मुलीला विचारलं, पत्रात ‘युवर्स फेथफुली’ का लिहितेस? म्हणाली, ‘त्याला अर्धा मार्क असतो.’ हुशार मुलगी आहे. परीक्षेनं जे मागितलं ते तिनं अचूक ओळखलं. परीक्षेनं भाषा मागितलीच नव्हती.

दोष त्या मुलीचा नाही आणि एकट्या सरांचाही नाही. वर्गात पन्नास-साठ पोरं, हातात एक पुस्तक, डोक्यावर शाळेच्या निकालाची टक्केवारी. निकाल कमी लागला तर सरांना जाब विचारला जातो. पोरगं बोलायला शिकलं नाही म्हणून जाब विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. मग सर काय शिकवतील? ज्याचं मोजमाप होतं तेच शिकवलं जातं.

भाषेवरून भांडायला मात्र आपण कायम तयार. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, त्याआधी ते पाचवीपासून होतं. तेव्हा केवढा वाद झाला. मराठी मरेल म्हणणारे एका बाजूला, बहुजनांच्या पोरांना इंग्रजी कळू नये असं तुम्हाला वाटतं का म्हणणारे दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या बाजूचं म्हणणं मला आजही पटतं. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीवरून पुन्हा तेच झालं. १६ एप्रिलला शासन निर्णय निघाला, राज्य पेटलं, २९ जूनला निर्णय मागं घेतला. पण कोणती भाषा कितवीपासून, एवढ्यावरच आपली लढाई थांबते. ती भाषा पोराला आली की नाही हे कसं तपासायचं, यासाठी एकही मोर्चा निघालेला नाही. आज दहावीला बसणारं पोर दहा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. दहा वर्षं म्हणजे त्याच्या आयुष्याची दोन-तृतीयांश.

परीक्षेची भाषा परकी असणं आमच्या भागाला नवं नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. तिथं वरचं शिक्षण उर्दूतून, १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. घरात मराठी, काही घरांत कानडी, तांड्यावर गोरमाटी, आणि हुद्दा हवा तर उर्दू. ज्याला ती आली तो कचेरीत गेला, ज्याला नाही तो कचेरीबाहेर अर्ज लिहून घ्यायला बसला. आज उर्दूच्या जागी इंग्रजी आहे. फरक इतकाच की तेव्हा ज्याला येत नव्हतं त्याला ते ठाऊक होतं. आज आपण त्याच्या हातात ‘येतं’ असा कागद देतो.

हा कागद कुठं फाटतो? दहावीला इंग्रजीत सत्तर पडलेलं पोर लातूरला अकरावी सायन्सला जातं. फिजिक्सचं पुस्तक इंग्रजीत, शिकवणी इंग्रजीत, पहिल्याच महिन्यात त्याला वाटायला लागतं की आपल्याला फिजिक्स येत नाही. खरं तर त्याला वाक्य वाचता येत नसतं. पण ते कसं मानणार, इंग्रजीत सत्तर आहेत ना? मग ते स्वतःला मठ्ठ समजतं. नर्सिंगला गेलेली मुलगी, पुण्यात मुलाखतीला गेलेला पदवीधर, सगळ्यांचं हेच. त्यांना कमी येतं हे एक दुःख. कमी येतं हे वेळेवर कुणी सांगितलं नाही, हे त्याहून मोठं. आठवीत कळलं असतं तर हातात दोन वर्षं होती.

आता माझ्यावर येणारा आक्षेप मला माहीत आहे, कारण तो गावातच पारावर ऐकलाय. ‘तोंडी कडक केली तर आपलीच पोरं नापास होतील. मुलगी दहावी नापास झाली की तिचं लग्न लावतात. पोरगं नापास झालं की कोयता हातात घेतं. शहाणपणा शिकवू नको.’ हा आक्षेप मी हलका मानत नाही. आमच्या भागात नापास हा शब्द एका विषयापुरता राहत नाही, तो आयुष्याचा निर्णय होतो. ज्या सरांनी दयेपोटी अठरा दिले, त्यांनी कित्येक मुलींचं बारावीपर्यंतचं शिक्षण वाचवलं असेल.

पण या आक्षेपात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: परीक्षा म्हणजे पास-नापास. ती गाठ सोडता येते. आयईएलटीएस नावाची परीक्षा तुम्ही ऐकली असेल. परदेशी शिकायला जाणारी पोरं घसघशीत फी भरून ती देतात. तिच्यात पास-नापास नाही. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही गोष्टींसाठी शून्य ते नऊपैकी वेगवेगळा बँड मिळतो. बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची, परीक्षक अनोळखी, आणि संभाषण रेकॉर्ड होतं. म्हणजे पैसेवाल्याच्या पोराला त्याचं इंग्रजी नेमकं किती, हे प्रामाणिकपणे सांगितलं जातं. गरिबाच्या पोराला मात्र दया दाखवून खोटं सांगायचं.

महागडी परीक्षाच हवी असंही नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत कार्यकर्ता घरी येतो, पोराशेजारी बसतो, चार सोपी इंग्रजी वाक्यं पुढं ठेवतो आणि म्हणतो, वाच. वाचलं तर अर्थ सांग. संपली परीक्षा. १४ ते १८ वयाच्या ग्रामीण पोरांची २०२३ ची पाहणी २८ जिल्ह्यांत झाली. त्यात ५७.३ टक्के पोरांना ती वाक्यं वाचता आली, आणि वाचणाऱ्यांतल्या सुमारे पाऊण जणांना अर्थ सांगता आला. एवढं कळायला ना हॉलतिकीट लागलं, ना भरारी पथक, ना कॉपीमुक्त अभियान. समोर बसून वाचणारं पोर कॉपी करूच शकत नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. तोंडीचे गुण पास-नापासाच्या बेरजेतून बाहेर काढा. पास व्हायचं ते लेखीवर होऊ द्या, लागलं तर लेखीची किमान रेषा खाली आणा आणि ती आणली असं उघडपणे सांगा. तोंडी मात्र खरी घ्या. आठवीत एकदा, दहावीत एकदा. शेजारच्या गावच्या शाळेतले सर इकडं आणि इकडचे तिकडं. पोर न पाहिलेला छोटा उतारा वाचेल, ऐकलेल्या गोष्टीबद्दल दोन प्रश्नांना उत्तर देईल, स्वतःच्या गावाबद्दल चार वाक्यं बोलेल. सगळं फोनवर रेकॉर्ड. एका पोराला आठ मिनिटं धरली तर साठ पोरांच्या वर्गाला आठ तास लागतात, म्हणजे दोन दिवसांची शाळा. शेवटी गुणपत्रिकेवर निकालाला धक्का न लावता एक वेगळी ओळ: वाचन कितव्या पातळीवर, बोलणं कितव्या पातळीवर. आठवीतली ओळ कच्ची निघाली तर पुढची दोन वर्षं शाळेनं त्यावर काम करायचं, आणि जाब विचारायचा तो आठवी ते दहावी पोर किती पुढं सरकलं याचा.

खर्च? शिक्षक आहेत, फोन आहेत, शाळा आहेत. नाही ती खरं ऐकायची तयारी. पहिल्या वर्षी या ओळी वाईट येतील. लातूर विभागात वाईट येतील, पुण्याच्या झोपडपट्टीतल्या शाळांत येतील, आणि इंग्रजी माध्यमाची पाटी लावून फी घेणाऱ्या पुष्कळ शाळांतही येतील. त्या शेवटच्यांचा आरडाओरडा सगळ्यात मोठा असेल, कारण त्यांचा धंदा या न तपासलेल्या वीस गुणांवरच उभा आहे. इंग्रजी शिकवल्याचे पैसे घ्यायचे आणि ते आलं का हे त्यांनीच ठरवायचं.

हे कशासाठी, असं पोरं विचारतात. नोकरीसाठी, हे उत्तर त्यांना माहीतच असतं. मी त्यांना दुसरं उत्तर देतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपलं गाव पडलं. नंतर जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झालं. आपली घरं कशी होती, का पडली, कुणी कुठं बांधून दिली, लोक समाधानी होते का, यावर अहवाल लिहिले गेले, संशोधन झालं. त्यातलं बरंच इंग्रजीत आहे. आपल्या आजी-आजोबांबद्दल कुणी काय लिहून ठेवलं, ते आपल्याच गावातल्या, इंग्रजीत सत्तर मिळालेल्या पोराला वाचता येत नाही. त्यात काही चुकीचं लिहिलं असेल तर खोडणार कोण?

तुम्ही दहावी-बारावीत असाल, तर मंडळाची वाट बघू नका. फोन आहेच हातात. कुठलंही न वाचलेलं इंग्रजी पान उघडा, पाच मिनिटं मोठ्यानं वाचा, रेकॉर्ड करा, मग काय कळलं ते सांगा, तेही रेकॉर्ड करा. महिन्यानं पुन्हा. जे ऐकू येईल ते तुमचे खरे गुण. आणि पुढच्या वेळी शाळेत तोंडीच्या नावाखाली नुसती वहीवर सही झाली, तर उभं राहून म्हणा: सर, माझी परीक्षा घ्या.