पाना हाती घेण्याआधी



दसरा जवळ आला की आपल्या गेवराई भागात दोन कामांची एकदम घाई उडते. एक कापसाच्या वेचणीची आणि दुसरी ऊस वाहतुकीला जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या दुरुस्तीची. उचल घेतलेली असते, टोळी ठरलेली असते, मुकादमाचे निरोपावर निरोप येतात आणि ट्रॅक्टर मात्र रस्त्याकडेच्या गॅरेजात उघडून पडलेला असतो. ऐन हंगामात गाडी उभी राहिली तर तोडलेला ऊस फडात वाळतो, वजन घटते आणि टोळीची मजुरी बुडते. म्हणून आज पिकापाण्याचे बाजूला ठेवून या गॅरेजाविषयी आणि तिथे राबणाऱ्या आपल्याच पोरांविषयी लिहितो.

धुळे-सोलापूर रस्त्यावरच्या गावांतून पूर्वी नाक्यावर एखादे सर्व्हिस स्टेशन असे. सिमेंटचा उतार, मधोमध खड्डा, पाण्याचा जोरदार पाइप आणि ग्रीसची पिचकारी एवढेच त्याचे भांडवल. ट्रक आणि जीपगाड्या यायच्या, धुऊन, ऑईल बदलून, ग्रीस भरून जायच्या. त्या वेळच्या गाड्यांना जागोजागी ग्रीस भरावे लागे, त्यावर या धंद्याचे पोट होते. पुढे बरेच सांधे कारखान्यातूनच कायमचे बंद होऊन येऊ लागले. नव्या गाड्यांची देखभाल कंपन्यांच्या दुकानांकडे गेली. खेड्यात मात्र ट्रॅक्टर आणि मोटारसायकली वाढल्या, त्यांची मोडतोडही वाढली. मग त्याच खड्ड्यावर पत्रे चढले, वेल्डिंगचे यंत्र आले, आणि सर्व्हिस स्टेशनचे गॅरेज झाले. गिऱ्हाईक शेतकरीच. कापूस विकला की पैसे देतो, असे म्हटले तर वहीत नाव लिहून काम करून देणारा मिस्त्री अजूनही अशाच ठिकाणी भेटतो.

या गॅरेजात सकाळपासून काम करणारी पोरे बहुतेक आपल्याच वाड्या-वस्त्यांवरची असतात. नवा आलेला पोऱ्या आधी झाडलोट करतो, चहा आणतो, सुटे भाग डिझेलमध्ये धुतो. मग हळूहळू कोणता बोल्ट कोणत्या पान्याचा, हे हाताला कळू लागते. चाक काढणे, ब्रेक बसवणे, क्लच प्लेट बदलणे, असे करत करत दोन-चार वर्षांनी उस्ताद त्याला इंजिन उघडू देतो. हात काळे होतात, पण डोके तयार होते, यात शंका नाही.

शिवारात फिरताना आई-बाप मला नेहमी विचारतात, "साहेब, पोराचं शाळेत लक्ष नाही. आम्ही ऊसतोडीला जाणार. आजीजवळ ठेवून गॅरेजात घातलं तर कसं?" प्रश्न खरा आहे. कोयता घेऊन परमुलखात जाणाऱ्या आईच्या पोटातली कालवाकालव मी समजू शकतो. पोरगा उनाडण्यापेक्षा कामाला लागलेला बरा, असे कोणालाही वाटेल. तरीही माझे उत्तर ठरलेले आहे. दहावी होईपर्यंत पाना हाती देऊ नका.

पहिले कारण कायद्याचे. 14 वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणे हा गुन्हा आहे, आणि 2016 साली झालेल्या दुरुस्तीने 14 ते 18 वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर घेण्यासही मनाई केली आहे. दुसरे कारण पोटाचे. पूर्वी मिस्त्री इंजिनाला कान लावून दोष ओळखत असे. ते कसब आजही लागते, पण तेवढ्याने भागत नाही. एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 चे नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. त्याच्या जागी सेन्सर आणि छोटा संगणक आला. दोष यंत्र लावून वाचावा लागतो, आणि वाचायचा तर अक्षरओळख, आकडेमोड आणि थोडे इंग्रजी पाहिजे. आठवीतून सुटलेला पोरगा जन्मभर चाके काढत राहील. शिकलेला त्याच खड्ड्यात उभा राहून दुप्पट कमावील.

दहावीनंतर आय.टी.आय. चा रस्ता आहे. डिझेल मेकॅनिक आणि ट्रॅक्टर मेकॅनिक हे अभ्यासक्रम एक वर्षाचे, मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा. त्यानंतर 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनासह काम शिकता येते. प्रवेशाचे अर्ज साधारण दहावीच्या निकालानंतर निघतात, त्या वेळी आई-बाप बहुधा गावीच असतात. दाखला, गुणपत्रक आणि जातीचे प्रमाणपत्र आधीच तयार ठेवा. तहान लागल्यावर विहीर खणू नये.

दुरुस्तीच्या दुकानातून माणूस कुठवर जातो, याचे उदाहरण आपल्याच भाषेत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. सायकल विकणे आणि दुरुस्त करणे हे सुरुवातीचे काम. त्यातून ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडाने जमीन नासते, असे तेव्हा शेतकऱ्यांना वाटे, म्हणून पहिले नांगर बरेच दिवस पडून राहिले. पण त्यांनी हात आखडला नाही. औंधच्या राजांनी जागा दिली आणि 1910 साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ध्यानात घ्या, हा माणूस त्याआधी मुंबईला चित्रकला शिकला होता आणि यंत्राचे आराखडे काढायला शिकवीत होता. हात आणि शिक्षण एकत्र आले म्हणून सायकलच्या दुकानाचा कारखाना झाला.

ज्यांची मोठी मुले आज गॅरेजात आहेत, त्यांनी एकदा तिथे जाऊन पुढील गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात.

1) नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी शिरत नाही ना? जॅकबरोबर घोडी किंवा भक्कम लाकडी ठोकळा हवाच.

2) बॅटरी चार्ज होताना पेट घेणारा वायू निघतो. तिच्याजवळ विडी-काडी नको. ॲसिड पातळ करताना पाण्यात ॲसिड घालावे, ॲसिडात पाणी कधीही नाही.

3) नोझल तपासताना फवाऱ्यापुढे बोट धरू नये. तो दाब एवढा असतो की डिझेल कातडीतून आत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट गमावण्याची वेळ येते. लगेच मोठ्या दवाखान्यात जावे.

4) दार बंद करून आत इंजिन चालवू नये. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो.

5) हात पेट्रोलने धुऊ नयेत. साबण आणि भुसा पुरेसा आहे.

6) जळके ऑईल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. डब्यात साठवून ते घेणाऱ्याकडेच द्यावे. तेच पाणी पुढे आपली जनावरे पितात.

आता ट्रॅक्टरच्या धन्याविषयी. गॅरेजात येणारी निम्मी कामे घरच्या हयगयीमुळे येतात, असे मिस्त्री सांगतात, आणि मला ते पटते. आपल्याकडची काळी माती वाळली की तिची धूळ पिठासारखी उडते. ती एअर क्लीनरमधून आत गेली की इंजिन आतून घासते. धुळीच्या कामात एअर क्लीनर रोज पाहावा. इंजिन ऑईल किती तासांनी बदलायचे ते ट्रॅक्टरबरोबर आलेल्या पुस्तकात असते. बऱ्याच ट्रॅक्टरना हा आकडा 250 तासांच्या आसपास असतो. तासांची नोंद घरातल्या शिकणाऱ्या मुला-मुलीने वहीत ठेवावी. डिझेलच्या टाकीचा तळ कधी कोरडा पडू देऊ नये, नळीत हवा शिरते आणि गाडी बंद पडते. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये.

धुराकडेही पाहत जा. काळा धूर सतत निघत असेल तर हवा कमी पडते किंवा डिझेल जास्त जाते. निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर पाणी आत जात असावे, गाडी तिथेच थांबवावी. एवढे सांगता आले तरी मिस्त्रीचा अर्धा वेळ आणि आपला निम्मा खर्च वाचतो.

दसऱ्याला आपण ट्रॅक्टरला हार घालतो, पाना-हातोड्याची पूजा करतो. यंदा पूजेच्या आधी एअर क्लीनर साफ करा, ऑईलची पट्टी काढून पाहा. आणि गॅरेजात एखादे लहान पोर चाक ओढताना दिसले तर मालकाला आणि त्याच्या आई-बापाला दोन शब्द सांगा. पोर आपल्याच गावचे असते.