घरची शाळा : लांब इंग्रजी शब्दांचे हिज्जे



"आम्हालाच इंग्रजी येत नाही, मुलांना काय शिकवणार?" असं अनेक माता म्हणतात. पण ज्या आईने मुलाकडून कायदा म्हणवून घेतला, तिला अर्धं काम आधीच येतं. 'अलिफ-लाम जबर अल्, हा-मीम जबर हम्, दाल पेश दु : अल्हम्दु.' हेच हिज्जे इंग्रजीला लावायचे.

लांब शब्द दिसला की मुलं पहिली दोन अक्षरं वाचतात आणि बाकीचं अंदाजाने उरकतात. त्यांना हनुवटीखाली हात ठेवून शब्द सावकाश म्हणायला सांगा. हनुवटी जितक्या वेळा खाली जाईल, साधारण तितके तुकडे. इग्-झॅ-मि-ने-शन : पाच. यू-नि-व्हर्-सि-टी : पाच. या तुकड्याला सिलॅबल म्हणतात. प्रत्येकात स्वराचा उच्चार एकच.

दुसरी पायरी जोराची. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनाने बोलतो. इंग्रजीत एका तुकड्यावर जास्त जोर येतो, बाकीचे हलके होतात. म्हणून 'कम्-फर्-टे-बल' नव्हे, 'कम्फ्-ट-बल', जोर 'कम्फ्'वर.

तीन खुणा पाठ करून घ्या :

१. शेवटी 'शन' असेल तर जोर त्याच्या लगेच आधी : एज्यु'के'शन, इन्फर्'मे'शन.

२. शेवटी 'इटी' असेल तरी तसंच : युनि'व्हर्'सिटी, रिस्पॉन्सि'बि'लिटी.

३. शेवटी 'इक' असेल तर बहुधा तसंच : सायन्'टि'फिक, इ'लेक्'ट्रिक. मात्र 'इलेक्ट्रिसिटी' होताच जोर 'ट्रि'वर सरकतो.

अपवादही आहेत. आपल्या ओळखीचा 'अॅरबिक' शब्दच घ्या. त्यात जोर पहिल्याच तुकड्यावर.

कधी जोर बदलला की शब्दाचं कामही बदलतं. 'रे'कॉर्ड म्हणजे नोंद, रि'कॉर्ड' म्हणजे नोंदवणं. शंका आली तर उच्चार देणारा शब्दकोश उघडा. अनेक कोशांत जोराच्या तुकड्याआधी वर एक छोटी उभी रेघ असते.

रोज मगरिबनंतर पाठ्यपुस्तकातले तीनच शब्द घ्या. मुलाने तुकडे पाडायचे, तुम्ही मोजायचे. मोजायला इंग्रजी यावं लागत नाही. उद्या तोंडी परीक्षेत किंवा नोकरीच्या मुलाखतीत तुमची मुलगी येत असलेला शब्द भीतीने गिळणार नाही, इन्शाअल्लाह.