सायकेडेलिक म्हणजे नेमके काय? सगळे एकाच माळेचे मणी नव्हेत!

एलएसडी, केटामिन, एमडीएमए, गांजा, धोतरा... आपल्याकडे या सगळ्यांना एकच शब्द आहे, 'नशा'. बोलण्यापुरता तो ठीक आहे. पण रुग्ण दवाखान्यात आला की हाच शब्द घात करतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

'सायकेडेलिक' हा शब्द १९५० च्या दशकात हम्फ्री ऑस्मंड या मनोविकारतज्ज्ञाने रूढ केला. काटेकोर अर्थाने या गटात एलएसडी, काही जातींच्या अळंबीतले सायलोसायबिन, पेयोटे निवडुंगातले मेस्कलिन आणि डीएमटी येतात. मेंदूतील सेरोटोनिनच्या एका विशिष्ट रिसेप्टरवर हे पदार्थ काम करतात. रंग, आवाज आणि वेळ यांची जाणीव बदलते. तरी 'हा औषधाचा परिणाम आहे' एवढे भान बरेचदा राहते. सायलोसायबिनचा अंमल साधारण ४ ते ६ तास, तर एलएसडीचा ८ ते १२ तास टिकतो.

आता बाकीचे पाहू.

केटामिन हे मुळात भूल देण्याचे औषध. त्याचा रिसेप्टर वेगळा. आपण शरीरापासून सुटे झालो, असे त्यामुळे वाटते. ते वारंवार घेतल्यास मूत्राशयाला इजा होते.

एमडीएमए उत्तेजक आहे. शरीराचे तापमान धोकादायक वाढू शकते, रक्तातील सोडियम घटू शकते.

गांजा कॅनाबिनॉइड रिसेप्टरवर काम करतो.

आणि धोतरा? महादेवाला वाहतो तोच. त्यातील अ‍ॅट्रोपिन व स्कोपोलामिनमुळे तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, लघवी अडकते, ताप चढतो आणि समोर नसलेली माणसे खरीच वाटू लागतात. 'नैसर्गिक' असूनही तो जीव घेऊ शकतो.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. कोणता पदार्थ पोटात गेला, यावर उपचार ठरतात. नातेवाईक बदनामीच्या भीतीने 'काहीतरी खाल्लं असेल' एवढेच सांगतात आणि मोलाचा वेळ जातो. डॉक्टरांना नाव सांगा, उरलेला पदार्थ किंवा पाकीट दाखवा. लिथियम किंवा नैराश्याच्या गोळ्या सुरू असतील, तर तेही सांगा. काही जोड्या फार घातक ठरतात.

पालकांनाही एक सांगणे आहे. 'सगळे सारखेच' असे मुलांना सांगू नका. एक गोष्ट खोटी निघाली की ती आपल्या बाकीच्या खऱ्या इशाऱ्यांवरही विश्वास ठेवत नाहीत.

नैराश्यासाठी सायलोसायबिनवर संशोधन सुरू आहे, हे खरे. पण तिथे रुग्ण निवडून घेतले जातात. ज्यांना किंवा ज्यांच्या घरात स्किझोफ्रेनिया आहे, त्यांना सहसा वगळतात. मात्रा मोजलेली असते, प्रशिक्षित माणूस शेजारी बसलेला असतो. पार्टीत मिळालेल्या कागदाच्या तुकड्यावर नेमके काय आहे, हे मात्र विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.