‘अलबेला’तला ट्रंपेट आणि नकलेचा आक्षेप

‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटातील ‘दीवाना परवाना’ या गाण्यात झालरीदार सदरे घातलेला एक वाद्यवृंद पडद्यावर दिसतो. हे वादक खरेखुरे आहेत. त्यांचे प्रमुख, ट्रंपेटवादक चिक चॉकलेट म्हणजे गोव्यातील हळदोणे गावी १९१६ मध्ये जन्मलेले आंतोनियो झेवियर वाझ. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात ते आपल्या वाद्यवृंदासह जॅझ वाजवत आणि अमेरिकन जॅझ ट्रंपेटवादकाच्या नावावरून ‘हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग’ म्हणून ओळखले जात. ‘अलबेला’चे संगीतकार सी. रामचंद्र यांचे साहाय्यक म्हणून त्यांनी चित्रपटसंगीतातही काम केले. तेव्हा गाणी ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघत आणि एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे वादन मावे. त्यामुळे आजच्या अर्थाने अल्बम म्हणावा असा संच तेव्हा निघाला नाही. तरीही ट्रंपेटवादक आणि त्याचा वाद्यवृंद यांची छाप ज्यावर स्पष्ट उमटली आहे असा मुंबईतला गाण्यांचा संच शोधायचा तर ‘अलबेला’चेच नाव घ्यावे लागते.

या संगीतावरचा मुख्य आक्षेप उसनवारीचा आहे. चाल परदेशातून आणायची, वादनाची ढब आर्मस्ट्राँगची घ्यायची आणि त्याला नवे संगीत म्हणायचे, ही नक्कलच होय, असे टीकाकार म्हणतात. आक्षेपाचा पाया खोटा नाही. सी. रामचंद्र यांच्याच ‘समाधी’ (१९५०) मधील ‘गोरे गोरे’ हे गाणे ‘डॉल फेस’ या १९४५ च्या अमेरिकन चित्रपटात कार्मेन मिरांडाने गायलेल्या गीतावरून घेतलेले आहे, हे मान्यच करावे लागते. चिक चॉकलेट यांनी आर्मस्ट्राँग यांना आदर्श मानले होते, हेही लपलेले नाही.

पण एवढ्याने नक्कल सिद्ध होत नाही. खुद्द आर्मस्ट्राँग किंग ऑलिव्हर या ज्येष्ठ कॉर्नेटवादकाच्या वाद्यवृंदात राहून घडले. त्यानंतर १९२५ पासून ‘हॉट फाइव्ह’ या आपल्या संचासह त्यांनी ज्या तबकड्या केल्या, त्यांनी जॅझला एकल वादकाची कला बनवले. जॅझमध्ये आधीची चाल घेऊन ती पुन्हा घडवणे हा दोष नसून तोच त्या कलेचा रीतसर मार्ग आहे. आपल्याकडे गायक घराण्याची बंदिश गातो तेव्हा त्याला कुणी नकलाकार म्हणत नाही. बंदिश कुणाची याहून ती मांडली कशी, हेच तिथे तोलले जाते. हीच कसोटी ‘गोरे गोरे’ला लावली, तर अमीरबाई कर्नाटकी आणि लता मंगेशकर यांच्या आवाजांतली ती सवाल-जवाबाची खेळकर रचना स्वतःच्या पायांवर उभी राहते.

दुसरा आक्षेप अधिक अन्यायकारक आहे. संगीत सगळे सी. रामचंद्र यांचे, गोव्याचे वादक केवळ मजुरीवर वाजवणारे, असे मानले जाते. चाल संगीतकाराचीच असते, यात वाद नाही. सी. रामचंद्र म्हणजेच पुणतांब्याला जन्मलेल्या रामचंद्र चितळकरांनी ‘अलबेला’तच ‘धीरे से आ जा री’ ही अंगाई दिली आणि दोन वर्षांनी ‘अनारकली’ रागदारीच्या अंगाने बांधली. त्यांची प्रतिभा कुणाच्या आधारावर नव्हती. परंतु संगीतकाराने गाऊन दाखवलेली चाल पंधरा-वीस वादकांनी वाजवायची, तर प्रत्येक वाद्याचा भाग कागदावर उतरावा लागतो. कडव्यांमधली जागा कोणत्या वाद्याने भरायची, ट्रंपेटने कुठे उसळायचे आणि कुठे गप्प राहायचे, हे कुणीतरी ठरवावे लागते. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन वाचायला शिकवले जाई. ती विद्या घेऊन गोंयकार वादक मुंबईला आले आणि हे लेखन-संयोजन करू लागले. या कामाला मजुरी म्हणणे हे अज्ञान आहे, आणि श्रेयनामावलीने त्यातल्या बहुतेकांची नावे गाळल्यामुळे ते पक्के झाले.

पितळी वाद्ये परकी, म्हणून हे संगीत आपले नव्हे, हा आक्षेप फार टिकत नाही. लष्करी बँडांमुळे ही वाद्ये देशभर पोचली. उदाहरणार्थ, हिंगोली १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. आज मराठवाड्यातल्या अशा गावांत वरातीपुढे बँडवाले ट्रंपेटवर गाणी वाजवतात, तेव्हा वऱ्हाडी मंडळींना ते वाद्य परके वाटत नाही. माहितीमंत्री बा. वि. केसकर यांनी १९५२ नंतर आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार केली, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला ‘विविध भारती’ ही मनोरंजन सेवा सुरू करावी लागली. कोणते संगीत आपले, याचा निकाल श्रोत्यांनीच दिला.

चिक चॉकलेट १९६७ मध्ये वारले. सी. रामचंद्र यांनी त्यानंतर ‘घरकुल’ (१९७०) या मराठी चित्रपटाला संगीत दिले आणि त्यातले ‘पप्पा सांगा कुणाचे’ मराठी घराघरांत पोचले. मराठी रसिक सी. रामचंद्र यांना आपले मानतात, ते योग्यच आहे. ‘अलबेला’विषयी लिहिताना, बोलताना त्यांच्या नावाशेजारी हळदोण्याच्या आंतोनियो वाझ यांचेही नाव घेतले जावे.