सहा महिने म्हसवड, सहा महिने कोईम्बतूर : दोन घरांत राहणाऱ्या ज्येष्ठांचे हक्क नेमके कुठे राहतात?

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा, म्हणजे देवदिवाळी. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडमध्ये या दिवशी सिद्धनाथ आणि जोगेश्वरीचा रथ निघतो. गुलाल-खोबऱ्याची उधळण होते, ‘चांगभलं’चा गजर होतो. रथ ओढायला, निदान त्याच्या दोराला हात लावायला तमिळनाडू, केरळ, बंगाल, पंजाब अशा राज्यांतून माणसं गावी आलेली असतात. ही सगळी माणदेशातलीच, पोटासाठी बाहेर गेलेली.

रथ झाला की घरांना पुन्हा कुलपं लागतात. परतणाऱ्यांमध्ये तरुण असतात, तसेच सत्तरीतले आजी-आजोबाही असतात. वर्षाचे काही महिने गावच्या घरात आणि काही महिने परराज्यातल्या मुलाकडे, असं त्यांचं आयुष्य चालू असतं.

निवृत्तीनंतर ऋतूप्रमाणे घर बदलण्याच्या या पद्धतीला अमेरिका-कॅनडात एक नाव आहे : ‘स्नोबर्ड’. म्हणजे थंडी टाळायला दक्षिणेकडे जाणारा पक्षी. माणदेशातल्या ज्येष्ठांना असं नाव कुणी दिलेलं नाही. नाव नाही म्हणून गणती नाही आणि गणती नाही म्हणून सोयही नाही. ती कशी, ते समजून घेऊ.

स्नोबर्ड म्हणजे काय?

कॅनडा आणि उत्तर अमेरिकेत हिवाळा कडक असतो. त्यामुळे तिथले अनेक निवृत्त लोक थंडीचे चार-सहा महिने फ्लोरिडा, ॲरिझोना अशा उबदार राज्यांत काढतात. काहींचं तिथे दुसरं घर असतं. काही जण ‘आरव्ही’ घेऊन निघतात. आरव्ही म्हणजे झोपायची जागा, स्वयंपाकाचा ओटा आणि संडास-बाथरूम असलेली गाडी, थोडक्यात चाकांवरचं घर. ॲरिझोनातलं क्वार्ट्झसाइट हे एरवीचं छोटंसं गाव हिवाळ्यात अशा गाड्यांनी भरून जातं.

महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. अशा गाड्यांना प्रोत्साहन द्यायचं आणि त्या उभ्या करायला पाणी, वीज, स्वच्छतागृह असलेले तळ तयार करायचे, अशी त्यामागची कल्पना. पण हे धोरण पर्यटकांसाठी आहे. चार दिवस फिरून घरी परतणारा माणूस त्यात धरलेला आहे. वर्षातले सहा महिने दुसरीकडे राहणाऱ्याची अडचण गाडीची नसते, कागदाची असते.

माणदेशात हे नवं नाही

माण तालुका पर्जन्यछायेत येतो. इथे वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि अनेक वर्षी तेवढाही होत नाही. त्याच सातारा जिल्ह्यातल्या महाबळेश्वरला ५ हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो. त्यामुळे हंगाम पाहून मुक्काम हलवणं ही इथली जुनी रीत आहे.

धनगर मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढरं, घोडी आणि बिऱ्हाड घेऊन कोकणाकडे किंवा पाण्याच्या पट्ट्याकडे निघतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. दुष्काळात तर अख्खी कुटुंबं जनावरांसोबत मुक्काम हलवतात. २०१२-१३ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये माणदेशी फाउंडेशनने म्हसवडला चारा छावणी चालवली, तेव्हा शेतकरी जनावरांसह महिनोन् महिने छावणीतच राहिले होते.

तिसरा प्रवाह गलाईवाल्यांचा. जुने दागिने वितळवून, आम्लाने त्यातली भेसळ काढून शुद्ध सोनं-चांदी वेगळी करायची, हे गलाईचं काम. सांगलीतले खानापूर, आटपाडी, तासगाव आणि साताऱ्यातले माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यातून पिढ्यान्‌ पिढ्या माणसं या धंद्यात गेली. आज देशातल्या बहुतेक मोठ्या सराफ पेठांत गलाईची दुकानं मराठी माणसांची सापडतात.

या धंद्यात रीतसर निवृत्ती नसते. भट्टीची धग आणि वाफा सोसेनाशा झाल्या की दुकान मुलाकडे जातं आणि बाप गावचं घर उघडतो. पण नातवंडं परराज्यात असतात, दवाखान्याला मुलगाच नेणार असतो आणि उन्हाळ्यात गावात पाण्याची ओढ असते. मग वर्ष दोन घरांत वाटलं जातं. पेरणी, दिवाळी आणि रथ गावाकडे, उरलेलं मुलाकडे.

हे लोक मोजणीत का दिसत नाहीत?

भारतात स्थलांतर मोजताना ‘नेहमीचं राहण्याचं ठिकाण’ विचारलं जातं. एका ठिकाणी सहा महिने किंवा जास्त राहिलात, किंवा राहायचा इरादा असेल, तर ते तुमचं ठिकाण. दोन ठिकाणी साधारण सारखाच काळ राहणारा माणूस या व्याख्येत धड इकडचा ठरत नाही, धड तिकडचा.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ६४ व्या फेरीत (२००७-०८) हंगामी स्थलांतराची वेगळी नोंद झाली होती. पण त्यातली व्याख्या अशी होती : एक ते सहा महिने गावाबाहेर राहिलेला आणि तेही कामासाठी किंवा कामाच्या शोधात. ऊसतोड मजूर यात बसतो. मुलाकडे पाच महिने राहणारे आजोबा बसत नाहीत, कारण ते कामासाठी गेलेले नाहीत.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीच्या पुढचे १० कोटींहून जास्त लोक होते. त्यातले किती जण दोन घरांत राहतात, याचं उत्तर या पद्धतीने मिळूच शकत नाही.

कोणते हक्क सोबत येतात?

समजा, म्हसवडजवळच्या एखाद्या वाडीतलं सत्तरी पार केलेलं जोडपं आहे. पौष ते वैशाख ते कोईम्बतूरला मुलाकडे असतात. गेल्या काही वर्षांत त्यांच्यासाठी तीन गोष्टी बदलल्या आहेत.

रेशन : ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेची सुरुवात ऑगस्ट २०१९ मध्ये झाली आणि पहिल्या जोड्यांत महाराष्ट्र-गुजरात होते. जून २०२२ पर्यंत सगळी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश त्यात आले. कार्ड अंत्योदय किंवा प्राधान्य गटातलं असेल आणि आधार जोडलेलं असेल, तर दुसऱ्या राज्यातल्या दुकानातूनही धान्य घेता येतं. घरातल्या काहींनी इथे आणि काहींनी तिथे, असं वाटूनही घेता येतं. अडचण येते ती अंगठ्याची. आयुष्यभर शेतात किंवा भट्टीवर राबलेल्या बोटांचे ठसे झिजतात आणि यंत्र ते ओळखत नाही.

हयातीचा दाखला : सरकारी पेन्शन किंवा ईपीएफची पेन्शन असेल, तर ‘जीवन प्रमाण’ हा डिजिटल दाखला नोव्हेंबर २०१४ पासून आहे. नोव्हेंबर २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो काढता येतो. त्यासाठी गावच्या बँकेत जावं लागत नाही. पण गलाईत आयुष्य काढलेल्या बहुतेकांना अशी पेन्शनच नसते.

दवाखाना : २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी आणि त्यापुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार लागू झाले. कार्ड दुसऱ्या राज्यातही चालतं. मात्र ते राज्य योजनेत हवं आणि रुग्णालय यादीत हवं. पश्चिम बंगाल जानेवारी २०१९ मध्येच योजनेतून बाहेर पडलं होतं. त्यामुळे कोईम्बतूरच्या मुलाकडे जाणारे आजोबा आणि कोलकात्याच्या मुलाकडे जाणारे आजोबा एकाच आळीतले असले, तरी त्यांच्या हातातल्या कार्डाची किंमत सारखी राहिली नाही.

यात आणखी एक मेख आहे. हे कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडतं. बीपी-शुगरची रोजची गोळी त्यात येत नाही. गावच्या आरोग्य केंद्रात नोंद असलेल्या रुग्णाला तिथून गोळ्या मिळतात, पण तो चार महिने बाहेर गेला की ती साखळी तुटते. परक्या भाषेतल्या दवाखान्यात नव्याने सगळं सांगावं लागतं. पासष्टीच्या माणसाला तर सत्तरीपुढच्यांसाठीची ही योजना लागूच नाही.

कोणते हक्क गावातच अडकतात?

निराधारांचं मानधन : श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांपुढच्या गरीब ज्येष्ठांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य असावं लागतं आणि लाभार्थी हयात असल्याची दरवर्षी पडताळणी होते. नेमका त्याच काळात माणूस परराज्यात असेल तर पैसे थांबू शकतात. ते पुन्हा सुरू करायला तहसीलच्या फेऱ्या माराव्या लागतात.

प्रवास : ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाला निम्मं तिकीट आहे आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मं तिकीट आहे. पण ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती. पुढच्या प्रवासाला रेल्वेचा आधार होता. साठीपुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ पुढच्या महिलांना ५० टक्के सवलत मिळायची. ती मार्च २०२० मध्ये कोविडच्या काळात थांबवली गेली. दोन घरांमधलं अंतर ज्यांना वर्षातून दोनदा कापावं लागतं, त्यांना याचा फटका जास्त बसला.

मतदान : १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात असू शकतं आणि तो तिथला ‘सर्वसाधारण रहिवासी’ असावा लागतो. नुसतं घर मालकीचं असून भागत नाही. तात्पुरतं बाहेर गेल्याने हक्क जात नाही, हेही कायदा सांगतो. प्रश्न असा, की दरवर्षी पाच-सहा महिने बाहेर राहणं तात्पुरतं मानायचं का? घरोघरच्या पडताळणीत कुलूप दिसलं, तर नाव वगळलं जाण्याची भीती राहते. ८५ वर्षांपुढच्यांना घरून मतदानाची सोय आहे, पण ती नाव असलेल्या मतदारसंघातच. दूर राहून मतदान करता यावं म्हणून निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘रिमोट’ मतदान यंत्राचा नमुना जाहीर केला. जानेवारी २०२३ मध्ये तो पक्षांसमोर मांडला, तेव्हा अनेक विरोधी पक्षांनी आक्षेप घेतले.

कॅनडाने काय केलं?

तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. पण स्नोबर्ड लोकांचं अस्तित्व नियमांनी मान्य केलं आहे. ओंटारिओ प्रांतात सरकारी आरोग्य विमा टिकवायचा, तर १२ महिन्यांत किमान १५३ दिवस प्रांतात राहावं लागतं. म्हणजे २१२ दिवस बाहेर राहिलात तरी विमा जात नाही. नियम कडक असेल, पण स्पष्ट आहे. माणूस दिवस मोजून प्रवास ठरवू शकतो.

आपल्याकडे असा आकडा नाही. किती दिवस बाहेर राहिलं तर मानधन थांबेल, किती दिवसांनी मतदारयादीतलं नाव धोक्यात येईल, हे आजोबांना आधी कळायची सोय नाही. खात्यात पैसे आले नाहीत किंवा मतदान केंद्रावर नाव सापडलं नाही, तेव्हाच ते कळतं.

निघण्यापूर्वी काय करता येईल?

काही गोष्टी कुटुंबाच्या हातात आहेत. गाव सोडण्याआधी रेशनकार्डातल्या प्रत्येकाची ई-केवायसी पूर्ण करणं. आधार आणि बँक खात्याला जोडलेला मोबाइल नंबर चालू ठेवणं, कारण ओटीपी त्यावरच येतो. आयुष्मान कार्ड काढून मुलाच्या शहरातलं यादीतलं रुग्णालय आधीच पाहून ठेवणं. औषधांची चिठ्ठी सोबत घेणं, ज्यावर गोळीचं कंपनीचं नाव नव्हे तर औषधाचं मूळ नाव लिहिलेलं असेल. आणि मतदारयादीतलं नाव दरवर्षी एकदा तपासणं.

बाकीचं सरकारला करावं लागेल, आणि त्यातलं बरंचसं अवघडही नाही. केंद्राच्या पेन्शनरला घरबसल्या चेहरा दाखवून हयातीचा दाखला मिळतो. श्रावणबाळच्या लाभार्थ्यालाही तीच सोय सहज आणि परराज्यातूनही मिळायला हवी. रेशनचं धान्य राज्याची हद्द ओलांडतं, तर बीपीच्या गोळ्यांची नोंदही ओलांडू शकते. बँकांच्या बाबतीत हा विचार झालेला आहे. सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलं. १९९७ मध्ये म्हसवडमध्ये सुरू झालेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेचा अनुभवही हेच सांगतो. बाजाराच्या दिवशी कामधंदा सोडून बाई बँकेत येऊ शकत नसेल, तर बँकेने तिच्यापर्यंत जायचं.

माणदेशातली माणसं पाऊस, चारा आणि रोजगार पाहून हलत आली आहेत, यापुढेही हलतील. आता त्यांच्यातले पहिल्या पिढ्यांचे गलाईवाले म्हातारे झाले आहेत. पुढच्या देवदिवाळीला ते पुन्हा रथासाठी येतील आणि पुन्हा परततील. त्या प्रवासात रेशन त्यांच्यासोबत जायला लागलं आहे. मानधन, औषधं आणि मत मागे राहू नये, एवढीच पुढची पायरी आहे.